अण्णांना वगळून अण्णांचा निर्णय

सोलापूर जिल्ह्यातील एका वाचकाच्या पत्राचा सारांश : माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, 76 वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि तेव्हाच तो यकृतात पसरलेला होता. पुण्यातील एका खासगी रुग्णालयात केमो सुरू केली. सुरुवातीचे काही महिने बरे गेले, मग गाठी पुन्हा वाढल्या. आता त्यांचे वजन फार उतरले आहे, दिवसाचा बहुतेक वेळ ते झोपून असतात आणि पोटात व पाठीत दुखत असल्याने रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारची केमो सुचवली असून ‘प्रयत्न करून पाहू’ असे म्हटले आहे. आतापर्यंत अकरा लाख रुपये गेले आहेत; पुढचे उपचार करायचे तर दोन एकर जमीन विकावी लागेल. न्यू जर्सीत असलेला थोरला भाऊ म्हणतो, पैशाकडे बघू नका, शक्य ते सगळे करा. पत्नीला मुलीच्या शिक्षणाची काळजी आहे. जमीन राखण्यासाठी बापाचे औषध तोडले, असे भावकी म्हणेल ही मला भीती आहे. अण्णांना आजाराचे नाव सांगितलेले नाही, ‘पोटात सूज आहे’ एवढेच सांगितले आहे. परवा त्यांनी आईला कपाटातील पासबुके आणि सोसायटीचे कागद काढून ठेवायला सांगितले, तेव्हापासून आई सारखी रडते आहे. मी जमीन विकू की उपचार थांबवू?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नापेक्षा पासबुकांविषयीच्या त्या एका वाक्यापाशी मी अधिक वेळ थांबले. आपल्याला पोटात साधी सूज आहे आणि ती उतरेल असे ज्याला वाटते, तो माणूस बायकोला सोसायटीचे कागद काढून ठेवायला सांगत नाही. अण्णांनी गेल्या वर्षभरात पुण्याच्या फेऱ्या केल्या आहेत, केमोच्या वॉर्डात शेजारच्या खुर्चीतील माणसांशी ते बोलले असतील, स्वतःचे अंग झडताना त्यांनी पाहिले आहे. तुम्ही त्यांच्यापासून लपवत आहात ते त्यांना बहुधा कळले आहे, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून तेही तुमच्यापासून लपवत आहेत. एकाच घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणीच उच्चारत नाही, अशा स्थितीत आजारी माणूस सर्वांत एकटा पडतो, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे.

म्हणून ‘जमीन विकू की उपचार थांबवू’ या प्रश्नाचे उत्तर मी इतक्यात देणार नाही. तुमच्या पत्रात भावाचे मत आहे, पत्नीचे मत आहे, डॉक्टरांचे मत आहे, भावकी काय म्हणेल हेही आहे. ज्यांच्या शरीरात ती औषधे जाणार आहेत आणि ज्यांची ती जमीन आहे, त्यांचे मत मात्र त्यात कुठेच नाही. पहिले काम तेच आहे.

अण्णांना समोर बसवून निदान वाचून दाखवा, असे मी सुचवत नाही. सुरुवात विचारण्यापासून करायची असते. दुपारी घर शांत असताना, दुखण्याची गोळी लागू पडलेली असताना, त्यांच्या उशाशी बसून एवढेच विचारा : ‘अण्णा, तब्येतीचं तुम्हाला काय वाटतंय?’ आणि मग गप्प बसा. ते उत्तर द्यायला वेळ घेतील, तो वेळ आपण बोलून भरून काढायचा नाही. ते ‘आता काही खरं नाही’ असे म्हणाले, तर ‘असं काय बोलता, तुम्हाला काही होत नाही’ हे वाक्य तोंडावर येईल. ते कृपा करून गिळा, कारण त्या एका वाक्याने दार पुन्हा बंद होते. त्याऐवजी विचारा, की आजाराबद्दल सगळे जाणून घ्यायला त्यांना आवडेल का, की निर्णय तुमच्यावर सोपवायला आवडेल. काही वडीलधारी माणसे स्पष्ट म्हणतात, ‘मला नको सांगू, तुम्ही पोरं बघा काय ते.’ तोही त्यांचा निर्णय आहे आणि त्याचाही मान ठेवायचा. पण तो त्यांनी दिलेला असावा, आपण गृहीत धरलेला नसावा. नंतर हळूहळू पुढचे प्रश्न येऊ शकतात : सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, कशाची भीती वाटते, कुठे राहावेसे वाटते, पुन्हा पुण्याला जायची तयारी आहे का, कुणाला भेटायचे राहिले आहे, आईची व्यवस्था कशी असावी. हे एका बैठकीत होत नाही आणि व्हायलाही नको.

आता डॉक्टरांच्या ‘प्रयत्न करून पाहू’ या शब्दांकडे येऊ. ऐकणाऱ्याला वाटते की प्रयत्न म्हणजे बरे होण्याचा प्रयत्न. डॉक्टरांच्या मनात बहुधा काही आठवडे किंवा काही महिने मिळवण्याचा प्रयत्न असतो, आणि हा फरक मोठ्याने बोलला जात नसल्यामुळेच लोक घरे-जमिनी विकतात. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात पहिली केमो निकामी ठरल्यानंतर दिल्या जाणाऱ्या औषधांचा एक मोठा अभ्यास 2016 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात नव्या औषधाची जोड दिलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, 6.1 महिने आणि जुनेच औषध घेणाऱ्यांचे 4.2 महिने निघाले. म्हणजे फरक सुमारे दोन महिन्यांचा होता, आणि तोही अशा रुग्णांमध्ये जे स्वतःचे स्वतः करू शकत होते. दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात असणाऱ्या माणसाला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने, 2012 सालीच आपल्या सदस्यांना सांगितले होते की ज्यांची शारीरिक क्षमता फार खालावली आहे, आधीच्या उपचारांचा ज्यांना उपयोग झालेला नाही आणि पुढील उपचार लाभेल असा भक्कम पुरावा ज्यांच्या बाबतीत नाही, अशा रुग्णांना केमो देण्याचे टाळावे आणि वेदना व इतर त्रास कमी करण्याकडे लक्ष द्यावे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात तर असेही दिसले, की आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत केमो घेतलेल्यांपैकी ज्यांची प्रकृती त्यातल्या त्यात बरी होती, त्यांचाही शेवटचा आठवडा केमो न घेतलेल्यांपेक्षा अधिक कष्टाचा गेला.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय योग्य, हे त्यांना तपासलेले डॉक्टरच सांगू शकतात. परंतु त्यांनी ते सांगावे यासाठी आपल्याला नेमके विचारावे लागते. पुढच्या भेटीला फाइल घेऊन जा आणि हे विचारा : या औषधाने आजार बरा होणार आहे का? नसेल तर औषध न घेता साधारण किती काळ आणि घेऊन किती काळ? त्यातला किती काळ रुग्णालयात, प्रवासात आणि उलट्या-जुलाबात जाईल? अण्णांची आजची ताकद पाहता हे औषध त्यांना झेपेल का? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला संकोच वाटतो पण ज्याचे उत्तर अनेकदा सर्वांत प्रामाणिक येते : डॉक्टरसाहेब, हे तुमचे वडील असते तर तुम्ही काय केले असते? उत्तरे तिथेच कागदावर लिहून घ्या, कारण बाहेर आल्यावर प्रत्येक नातेवाइकाला वेगवेगळे आठवते. दुसरे मत हवे असेल तर वडिलांना गाडीत घालून मुंबईला नेण्याची गरज नाही; टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे) यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा कागदपत्रांवरून तज्ज्ञांचे मत कळवते.

तुमच्या प्रश्नातील एक गृहीतक मला सर्वांत अधिक खटकते. केमो थांबवणे म्हणजे उपचार थांबवणे, असे तुम्ही धरून चालला आहात. तुम्हीच लिहिता की अण्णांना रात्रभर दुखते. याचा अर्थ अकरा लाख खर्चूनही त्यांना आज सर्वाधिक गरज असलेला उपचार मिळालेलाच नाही, आणि तो स्वस्त आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे दुखणे पोटातून पाठीकडे जाते, आडवे झाल्यावर वाढते, आणि साध्या गोळ्यांना दाद देत नाही. त्यावर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या हा जगभर मान्य असलेला उपाय आहे. साधी गोळी असेल तर ती सहसा दर चार तासांनी, दुखण्याची वाट न पाहता घड्याळ बघून द्यायची असते, आणि सोबत बद्धकोष्ठतेचे औषध पहिल्या दिवसापासून सुरू करायचे असते. मॉर्फिन म्हणजे शेवटचे औषध, त्याची सवय लागते, त्याने माणूस लवकर जातो, या समजुती इतक्या खोल रुजल्या आहेत की घरचेच लोक गोळी लपवून ठेवतात. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. माणूस झोपतो, दोन घास खातो, नातवंडांशी बोलतो. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदींमुळे आपल्याकडे अनेक वर्षे हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचणेच अवघड होते. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरीही ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून कुठल्या संस्थेत मिळेल हे आधीच विचारून ठेवा. शिवाय या विशिष्ट आजारात स्वादुपिंडामागील मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना बधिर करण्याचीही सोय आहे. ती अण्णांना उपयोगी पडेल का, हे वेदनातज्ज्ञांना विचारण्यासारखे आहे.

अशा उपचारांना पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. ती शेवटच्या दोन दिवसांत द्यायची गोष्ट आहे हाही एक गैरसमज आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या 151 रुग्णांवर झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली, निम्म्यांना केवळ नेहमीचे उपचार. ज्यांना ही सेवा मिळाली त्यांच्या वाट्याला अखेरच्या काळातले आक्रमक उपचार कमी आले, मन कमी खचले, आणि तरीही ते अधिक जगले : मध्यक आयुर्मान 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने. आजार वेगळा आहे, त्यामुळे आकडे तुमच्याकडे लावू नका. पण कमी उपचार म्हणजे कमी आयुष्य, हे समीकरण इतके सरळ नाही एवढे त्यातून नक्की घ्या.

खर्चिक ते सगळे वाईट, असेही मी म्हणत नाही. उद्या अण्णांना कावीळ झाली, पित्तनलिका दबल्यामुळे अंगभर खाज सुटली, तर दुर्बिणीतून त्या नलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, घालण्याचा खर्च करण्याजोगा असू शकतो, कारण त्याने खाज आणि मळमळ थांबते. उलट, भूक मेल्यावर ‘ताकद यावी’ म्हणून रोज सलाइन आणि अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या लावल्या जातात, त्यांचा या टप्प्यावर फारसा उपयोग होत नाही; सलाइनचे पाणी पायांत, पोटात आणि फुप्फुसांत साठून त्रास वाढू शकतो. न खाल्ल्यामुळे अण्णा खंगत नाहीत, आजार वाढल्यामुळे त्यांची भूक गेली आहे. हे आईंना कुणीतरी जवळ बसवून सांगायला हवे, नाहीतर प्रत्येक परत आलेल्या ताटासाठी त्या स्वतःला दोष देत राहतील. प्रत्येक खर्चापुढे एकच प्रश्न ठेवा : याने अण्णांना आज किंवा या आठवड्यात बरे वाटेल का?

आता ज्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही, त्या रात्रीबद्दल लिहिते. अशा आजारात पैशाचा सर्वांत मोठा लोंढा शांतपणे विचार करून घेतलेल्या निर्णयामुळे जातो असे नाही. रात्री दोन वाजता अण्णांना धाप लागते, किंवा ते असंबद्ध बोलू लागतात. कुणीतरी गाडी काढते. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर असतो, ज्याने अण्णांना पूर्वी कधी पाहिलेले नाही. फाइल घाईत घरी राहिलेली असते. तो म्हणतो, ऑक्सिजन कमी आहे, आयसीयूत हलवावे लागेल, कदाचित व्हेंटिलेटर लागेल, इथे सही करा आणि काउंटरवर डिपॉझिट भरा. त्याचे काही चुकत नाही, त्याला तेच शिकवलेले आहे. तुम्ही सही करता, कारण त्या क्षणी सही न करणे म्हणजे बापाला मारणे वाटते. नंतर काचेच्या दारामागे अण्णा, घशात नळी, हात बांधलेले, भेटीची वेळ सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, आणि रोज संध्याकाळी हातात पडणारे बिल. आणि एकदा लावलेले व्हेंटिलेटर काढा म्हणायला घरातले कुणीच धजावत नाही. पाच-सहा दिवसांनी बातमी कळते. वर्षभराच्या केमोला लागले नसतील एवढे पैसे कित्येक घरांत या एका आठवड्यात जातात, आणि त्या पैशाने माणसाला ना वेळ मिळतो ना सोबत.

ही गोष्ट एकट्या तुमच्या कुटुंबाची नाही. मृत्यूच्या मूल्याविषयी ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने 2022 साली दाखवून दिले, की श्रीमंत देशांमध्ये वर्षभरातील एकूण आरोग्यखर्चापैकी 8 ते 11.2 टक्के रक्कम त्या वर्षी मरण पावणाऱ्या एक टक्क्याहूनही कमी लोकांवर खर्च होते. तिथे तो भार बहुतांशी सरकार किंवा विमा कंपनी उचलते. आपल्याकडे तो सातबाऱ्यावर येतो.

त्या रात्रीची तयारी दिवसा करता येते. अण्णांचा कल घरी राहण्याकडे असेल, तर उपशामक सेवेच्या डॉक्टरांकडून धाप, वेदना, उलटी, घाबरेपणा आणि भ्रम या पाचही त्रासांसाठी कोणते औषध, किती, केव्हा द्यायचे, हे मराठीत लिहून घ्या आणि ती औषधे घरात आणून ठेवा. रात्री फोन कुणाला करायचा ते ठरवा. गावातील किंवा जवळचे एमबीबीएस डॉक्टर तयार असतील तर त्यांची आणि पुण्याच्या डॉक्टरांची फोनवर गाठ घालून द्या. रुग्णालयाच्या सारांशाची एक प्रत घराच्या दाराजवळ ठेवा, कारण घाईत तीच हाताशी येते. रुग्णालयातून घरी नेताना ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करून रिकाम्या हाताने निघू नका. तसे नेलेल्या रुग्णांकडे ना मॉर्फिन असते ना पुढच्या सूचना, आणि दोन दिवसांत त्यांना पुन्हा कॅज्युअल्टी गाठावी लागते. ‘आम्हाला घरी उपशामक उपचार करायचे आहेत, त्याप्रमाणे औषधे लिहून डिस्चार्ज द्या’ अशी स्पष्ट मागणी करा.

पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. रुग्णासोबत घरचे माणूस राहते, दुखणे आटोक्यात आणले जाते, अंग पुसणे, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता हे सगळे घरच्यांना शिकवले जाते आणि मग रुग्ण घरी जाऊ शकतो. मला वाटते की तुमच्यासाठी पहिली फेरी तिथेच व्हावी. मुंबईत टाटा रुग्णालयाचा उपशामक विभाग आहे, वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे आणि त्याची शाखा गोव्यात लोटली येथे आहे. हे तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी लिहीत आहे. तुमच्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. पुण्याच्या फेऱ्या टाळायच्या तर तिथे, आणि सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात, उपशामक सेवा व मॉर्फिन यांची चौकशी अवश्य करा.

कायद्याची भीती मनात असेल तर तीही काढून टाका. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला कोणताही उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करण्याची सोय मान्य केली, आणि जानेवारी 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावे त्यात लिहायची असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 2024 साली स्वतःचे असे इच्छापत्र करून गोव्यात सुरुवात केली. अण्णांची इच्छा असेल आणि ताकद असेल, तर हे करून घ्या. नसेल, तर किमान त्यांचे म्हणणे तुम्ही, आई आणि भाऊ या तिघांनी एकत्र त्यांच्या तोंडून ऐकावे. भाऊ व्हिडिओ कॉलवर असला तरी चालेल.

भावाबद्दल थोडे. ‘शक्य ते सगळे करा’ हे वाक्य हजारो मैलांवर बसलेल्या मुलाच्या तोंडून येते तेव्हा त्यात प्रेम असते, तसेच जवळ नसल्याची बोचही असते. त्याच्याशी पैशावरून वाद घालू नका. त्याला अण्णांची एक रात्र फोनवर दाखवा. ज्या देशात तो राहतो, तिथे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, हॉस्पिस सेवेचा, म्हणजे अखेरच्या काळातील उपशामक सेवेचा, समावेश 1982 च्या कायद्याने झाला, आणि आज मेडिकेअरखालील मृतांपैकी जवळपास निम्म्यांनी अखेरीस ती सेवा घेतलेली असते. ही सेवा घेणारे तिथले लोक आपल्या आईवडिलांना टाकून देत नाहीत, हे त्याला आजूबाजूला विचारले तरी कळेल. आणि त्याला खरोखर काही करायचे असेल, तर पैसे पाठवण्याआधी त्याने तिकीट काढावे. अण्णा बोलत आहेत तोवर यावे.

पैशाचेही बोलायला हवे, त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण 1 जुलै 2024 पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी, दर कुटुंबास दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत झाले आहे, आणि 70 वर्षे व त्यावरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता केंद्राच्या मोफत उपचार योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळते. केमो, रेडिएशन आणि अनेक शस्त्रक्रिया यात बसतात. पण योजना फक्त यादीतील रुग्णालयात आणि आधी मंजुरी घेऊनच लागू होते. भरून झालेले बिल परत मिळत नाही. म्हणून यापुढे कुठेही दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, भेटा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. घरी राहून होणाऱ्या सेवेचा खर्च, म्हणजे वाकणारी खाट, हवेची गादी, डायपर, दिवसा मदतीला एखादी बाई, हा मात्र बहुधा खिशातूनच जातो. त्यासाठी पैसे राखून ठेवा, आणि भावाला मदत करायची असेल तर ती इथे लावा, कारण आज सगळा भार तुमच्या आईंच्या आणि पत्नीच्या अंगावर आहे. पत्नीने मुलीचे शिक्षण काढले म्हणून तुम्ही कदाचित मनातून दुखावला असाल. अण्णांचे उष्टे-खरकटे आणि ओल्या चादरी याच हातांनी उचलल्या जात आहेत, हे विसरू नका, आणि नातीचे शिक्षण हा अण्णांच्याही काळजीचा विषय असेल.

भावकीचे काय? अण्णांनी स्वतः दोन-चार वडीलधाऱ्यांना बोलावून ‘मला आता पुण्याला जायचं नाही, पोरांना मीच सांगितलंय’ एवढे म्हटले, तर बोलणाऱ्यांची तोंडे बऱ्याच अंशी बंद होतात. जी बंद होणार नाहीत, ती जमीन विकल्यावरही झाली नसती. अण्णांचे शेवटचे दिवस घरी जाणार असतील, तर आणखी एक व्यवहाराची बाब : घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा लागतो आणि 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायची असते. त्या डॉक्टरांनी अण्णांना आधी पाहिलेले असले, की ऐन वेळी धावपळ होत नाही.

आणि असेही होईल, की सगळे समजून घेतल्यावर अण्णा म्हणतील, ‘मला केमो घ्यायची आहे.’ नातीची दहावी पाहायची असेल, किंवा नुसतेच जगावेसे वाटत असेल. तसे म्हटले आणि डॉक्टरांनीही ते झेपेल असे सांगितले, तर द्या, आणि मनापासून द्या. मात्र योजनेच्या यादीतील, शक्यतो घराजवळच्या रुग्णालयात द्या. उपशामक सेवा त्याच वेळी सुरू करा. केमोच्या किती सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) स्कॅन करायचा आणि काय दिसले तर थांबायचे, हे पहिली बाटली लावण्याआधी डॉक्टरांसमोर, अण्णांच्या देखत ठरवा. जमिनीचा व्यवहार तोवर करू नका. त्यानंतरही जमीन विकायची वेळ आली, तर आधी त्यांना विचारा. सातबारा त्यांच्या नावावर आहे, आणि पासबुके त्यांनी का काढायला सांगितली याचे उत्तरही बहुधा त्याच बोलण्यात मिळेल.